शेवटच्या भट्टीचं गाऱ्हाणं

मडकं अजून आहे. मागल्या दारी तुळशीच्या पलीकडे पालथं घातलेलं, कडेला टवका उडालेला, आणि त्याच्या पाठीवर आईनं कोंबड्यांसाठी ठेवलेली पाण्याची ताटली. परवा गावी, लाटंबार्श्याला, पोचले तेव्हा हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधीच मी त्याच्याकडे गेले आणि सवयीनं उजव्या हाताची पाठ त्याला लावली. फाल्गुनातलं दुपारचं ऊन खाऊन ते चांगलंच तापलं होतं. आई दारातून बघत होती.

"अजून तशीच गो तू," ती म्हणाली. "मनशाक विचारचे आदीं मडक्याक विचारता."

खरं आहे. माणसांची विचारपूस मला कधी धड जमली नाही. गरम-गार मात्र कळतं, आणि त्याच कळण्यावर माझं सगळं आयुष्य गेलं. फार दूरच्या दीर्घिका आपल्यापासून लांब लांब जात असतात. त्यांचा प्रकाश वाटेत ताणत जातो, आधी लाल होतो आणि मग लालच्याही पलीकडे निघून जातो. त्याला अवरक्त प्रकाश म्हणतात. तिथं डोळ्यांचा काही उपयोग नाही. गैरसोय अशी, की ज्या ज्या वस्तूला ऊब आहे ती प्रत्येक वस्तू त्याच उजेडानं उजळलेली असते. आकाश उजळलेलं, दुर्बीण उजळलेली, दुर्बिणीपाशी उभी असलेली मीही उजळलेली. म्हणून निदान यंत्र तरी भयंकर थंड ठेवावं लागतं. त्याच्या टाकीत द्रवरूप नायट्रोजन भरत राहावा लागतो, आणि तो वेळेवर भरावा लागतो.

पहिल्यांदा मी तो ओतला तेव्हा पांढरी वाफ हातांवरून खाली उतरली आणि मला काजूच्या पिकलेल्या बोंडांचा वास आला. नायट्रोजनला वास नसतो हे मला तेव्हाही माहीत होतं.

आमच्याकडे शिमगा जवळ आला की हवा आंबटगोड व्हायची. काजूच्या बागेत पालापाचोळ्यावर लाल-पिवळी बोंडं पडायची, आई आणि मी ती वेचायचो, बिया पिळून वेगळ्या काढायचो. बोटांना चीक लागून कातडं सोलवटायचं. शाळेतली वही उघडली की पानांना तोच वास, केसांना तोच, रात्री पांघरुणालाही तोच. जांभ्यात खोदलेल्या कोंडीत बाबा बोंडं तुडवायचे. त्यांच्या पोटऱ्या मे सरेपर्यंत पिवळसर दिसायच्या. रस रांजणात आंबायला लागला की कान लावल्यावर आत कुणीतरी कुजबुजत असल्यासारखा आवाज यायचा. मी तासन् तास कान लावून बसायची. अभ्यासाला एवढी बसली असतीस तर, असं आई म्हणायची. बसले, पण पुढे.

भट्टी ओढ्याच्या काठाला होती. चुलाणावर तांब्याचं मोठं भाण, त्यात आंबलेला रस. भाणातून निघालेली नळी बाजूच्या मातीच्या मडक्यात जायची आणि सांधा चिखलानं नि फडक्यानं लिंपून घेतलेला असायचा. भाणातून वाफ यायची, मडक्यात तिची फेणी व्हायची, पण मडकं गार असेल तरच. त्यासाठी त्याच्यावर ओढ्याचं पाणी सतत ओतत राहायचं, करवंटीच्या डवलीनं, न थांबता. जाळ बाबांकडे आणि पाणी माझ्याकडे, अशी वाटणी होती. पाण्याचा आवाज मडक्यावरून खाली येताना आधी चर्र व्हायचा, मग नुसता टपटप.

"तळहाताक विचारूं नाका," बाबांनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. "तो रोज काम करता, तो बधीर. हाताच्या पाठीक विचार. ती फट मारिना."

मी विचारायची. हाताच्या पाठीनं खरंच कधी मला खोटं सांगितलं नाही.

भट्टी पेटवायच्या पहिल्या दिवशी आणि विझवायच्या शेवटच्या दिवशी राखणदाराला मान द्यायचा. गावाच्या वेशीवर काजऱ्याच्या झाडाखाली एक उभा दगड आहे, तोच आमचा राखणदार. रानात चुकलेल्याला तो वाटेला लावतो, रात्री फिरताना त्याच्या काठीचा आवाज येतो, असं सगळे सांगत. त्याच्यापुढे केळीच्या पानावर तांदळाचा रोट, एक विडी आणि करवंटीत नवी फेणी ठेवायची आणि बाबा गाऱ्हाणं घालायचे. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून मोठ्यानं बोलायचं, काय झालं, काय हवं, काय चुकलं, सगळं. घालणारा एक, आणि प्रत्येक वाक्यानंतर बाकीच्यांनी एका सुरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा." हे म्हणणारं कुणी नसेल तर गाऱ्हाणं पुरं होत नाही. आमच्या घरात म्हणणाऱ्या दोघीच, आई आणि मी. मला त्या "व्हय म्हाराजा"चा फार अभिमान होता. बाबा देवाशी बोलतायत आणि आपण त्याला साक्षीदार आहोत, असं वाटायचं.

गोव्याचं राज्य झालं त्या वर्षी मी अकरा वर्षांची होते. त्याआधीचे कितीतरी महिने गावात भाषेवरून धुमसत होतं. भिंतींवर अक्षरं रंगवलेली, कोकणीची नि मराठीची, एकमेकांवर चढलेली. शाळेत मराठी, भजनात मराठी, घरात आणि भट्टीवर आमची ती कोकणी की मालवणी की दोन्ही, आम्हाला त्याचं नाव कधी लागलं नव्हतं. देवळाच्या पायरीवर रोज संध्याकाळी शेजारी बसणारे दोघं वेगवेगळ्या पायऱ्यांवर बसू लागले. बाबा मराठी पुस्तकं वाचणारे, पण भांडणात पडायचे नाहीत. कुणी फारच डिवचलं तर म्हणायचे, "राखणदाराक खंयच्या भाशेंत गाराणें जाय तें विचारूंक कोण गेल्लो? तो आयकता, इतलें पुरो."

मे संपत आला होता. शेवटची भट्टी. पश्चिमेला ढग जमायला लागले होते आणि हवा अशी कोंदट की घाम वाळतच नव्हता. बाबांना आठवडाभर सणसणीत पडसं होतं. नाक चोंदून लाल झालेलं, डोळ्यांतून पाणी. त्या सकाळी जाळ नीट लावून दिल्यावर ते लाकडं आणायला रानात गेले. जाताना म्हणाले, "बाय, पाणी थांबोवं नाका."

मी थांबवलं. त्याचं कारण रस्त्यावरून आलेला एक ट्रक होता. एरवी खनिजाच्या लाल धुळीनं माखलेला असायचा, तो त्या दिवशी धुऊन काढलेला, आंब्याच्या डहाळ्या लावलेल्या, वर ढोल, कर्णा आणि हात हलवणारी माणसं. राज्य झालं, राज्य झालं, असं ओरडत ते पेढे वाटत चालले होते. मला राज्य म्हणजे काय ते कळत नव्हतं. पेढा कळत होता. डवली टाकून मी धावले. ट्रकच्या मागून पार देवळापर्यंत गेले, दोन पेढे मिळाले, एक मी तिथंच खाल्ला आणि एक बाबांसाठी मुठीत धरून परत आले.

मडक्याला हात लावायची गरजच नव्हती. लांबूनच कळत होतं. सांध्यातल्या चिखलाला तडे गेले होते, फडकं करपलं होतं आणि मडक्याभोवतीची हवा थरथरत होती. मी वेड्यासारखं पाणी ओतलं. चर्र, चर्र, चर्र. चिखल परत लिंपला, हात पोळला. बाबा लाकडांचा भारा घेऊन परत आले तोपर्यंत मडकं गार होतं आणि फेणी नेहमीसारखी थेंबथेंब पडत होती, पाण्यासारखी स्वच्छ.

बाबांनी करवंटीत थोडी घेतली, नाकापाशी नेली, हसले आणि डोकं हलवलं. नाकानं कामच सोडलं होतं. करवंटी माझ्यापुढे धरली.

"वास बरो आसा मगो?"

करपलेल्या फडक्याचा आणि भाजक्या मातीचा वास येत होता. अगदी ओळखू येईल असा.

"बरो आसा," मी म्हटलं.

त्यांनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि ती फेणी वेताच्या जाळीतल्या मोठ्या काचेच्या बुधल्यात, आधीच्या सगळ्या फेणीत, ओतली. मग मी मूठ उघडून पेढा दिला. तो घामानं चिकट झाला होता. त्यांनी तो कौतुकानं खाल्ला. संध्याकाळी राखणदारापुढे करवंटी ठेवली ती त्याच फेणीची. मी "व्हय म्हाराजा" म्हटलं, पण आवाज आईच्या आवाजात लपवून.

चार-पाच दिवसांनी पाऊस लागला आणि आईचा पाय मुरगळला. बुधल्यातली फेणी डिचोलीला विकायला गेली होती; चोळायला म्हणून बाबांनी त्यातलीच घरी ठेवलेली बाटली उघडली. पडसं ओसरलं होतं. बूच काढलं आणि त्यांचा हात तिथंच थांबला. परत वास घेतला. मग बूच घट्ट लावून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सारवलेल्या जमिनीवर बोटानं रेघा ओढत होते. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मला आजवर वाटत आलं आहे. खात्रीनं नाही सांगता येत.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन डिचोलीला गेले. बाजाराच्या टोकाला मिंगेलची तावेर्न होती, चार टेबलांचा दारूचा गुत्ता, भिंतीवर मेणबत्तीनं काळवंडलेला क्रूस. आमची फेणी वर्षानुवर्षं त्याच्याकडे जायची आणि तो गिऱ्हाइकाला ती बाबांच्या नावानं द्यायचा. त्या दुपारी तिथं पाच-सहा माणसं बसली होती. बाबा म्हणाले, शेवटची फेणी सगळी परत हवी.

"कित्याक रे?" मिंगेल हसला. "पियेतल्यांक वास खंय येता?"

"माका येता," बाबा म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मडकें तापलें. चूक म्हजी. म्हज्या हातांतल्यान जाली."

मी शेजारी उभी होते, बाटल्यांसाठी नेलेली रिकामी टोपली दोन्ही हातांनी धरून. मिंगेलनं माझ्याकडे बघून मला एक गोड पाव दिला. तो मी परत येताना ओढ्यात टाकला. माझं एवढं वय झालं, पण त्या दुपारच्यासारखी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

परत आणलेली फेणी बाबांनी विझलेल्या भट्टीच्या राखेत ओतली, सगळ्या हंगामाची मेहनत. मग भर पावसात, डोक्यावर इरलं घेऊन, आम्ही दोघं राखणदारापाशी गेलो. आई लंगडत होती म्हणून घरी. बाबांनी गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा, तुज्या पानार वायट फेणी दवरली. आमच्या हातांतल्यान चूक जाली. जाणून जाली, नेणतां जाली, ती पोटांत घाल रे म्हाराजा."

माणसांपुढे "म्हज्या" म्हणाले होते. देवापुढे "आमच्या" म्हणाले. आणि थांबले. म्हणणारी मी एकटीच होते. पाऊस काजऱ्याच्या पानांवर वाजत होता, इरल्यावरून पाण्याच्या धारा लागल्या होत्या आणि बाबा वाट बघत होते.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. एवढंच.

पुढे पुणं, मग परदेश, मग परत येऊन हिमालयातल्या एका उघड्याबोडक्या पठारावरची दुर्बीण. बाबा शेजाऱ्यांना सांगायचे, "आमचें चेडूं आकाश थंड करून बघता." मी त्यांना कितीदा सांगितलं, आकाश नव्हे बाबा, यंत्र. ते म्हणायचे, तेंच तें.

एका हिवाळ्यात मला एक अतिशय अंधूक ठिपका सापडला. तोवर माहीत असलेल्यांपैकी फार थोड्या दीर्घिका एवढ्या दूरच्या होत्या. निबंध छापून आला. माझ्या एका विद्यार्थिनीनं तिचा प्रबंध त्याच ठिपक्यावर उभा केला, आणि माझी नोकरी कायम व्हायची मुलाखत त्यावरच ठरली होती. मग एके दिवशी भर दुपारी, टेबलावर चहा निवत असताना, मी जुनी चित्रं चाळत होते. वेगळ्या महिन्यातली रात्र, दुर्बिणीचं तोंड आकाशाच्या वेगळ्याच भागाकडे, आणि चित्राच्या त्याच कोपऱ्यात तोच ठिपका. आकाश बदललं तरी जो जागचा हलत नाही तो आकाशातला नसतो. तो यंत्राचाच तापलेला काठ होता.

मी नोंदवही काढली. दोन्ही रात्री टाकी भरायला उशीर झाला होता. उशीर मीच केला होता. तो भाग मावळायला आला होता, आणखी चार चित्रं मिळतील या हावेनं नायट्रोजन लांबवला होता. नोंदवहीत तापमानाच्या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिलं होतं: ठीक. काट्याकडे न बघता लिहिलेलं. मी त्या शब्दाकडे बघत राहिले आणि मला करपलेल्या फडक्याचा वास आला.

कुणालाच कळलं नसतं. निदान काही वर्षं तरी नाही. मी रजा टाकून घरी आले. भट्टीचे दिवस होते. बाबा म्हातारे झाले होते, पण जाळ अजून त्यांच्याकडेच होता. मी डवली घेऊन बसले आणि पाणी ओतता ओतता सगळं सांगितलं, दीर्घिकेचं, ठिपक्याचं, मुलाखतीचं. दीर्घिकेचं त्यांना किती समजलं कोण जाणे.

"तें तुजें यंत्र गार करपाक पाणी घालतात?"

"पाण्यासारखंच काहीतरी."

"आनी तू घालूंक विसरलें?"

"विसरले नाही. उशीर केला."

त्यांनी चुलाणातलं एक लाकूड बाहेर ओढलं, जाळ कमी केला.

"मग परत हाड," ते म्हणाले. "दिल्लें तें परत हाड."

दिलेलं परत आण. एवढं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता वाटतं, तेव्हाही ते कशाची तरी वाट बघत होते. मी पाणी ओतत राहिले. जगभरच्या अनोळखी माणसांना माझी चूक सांगायचं धैर्य मी त्या दिवशी गोळा केलं, आणि शेजारी बसलेल्या माणसाला एक जुनी गोष्ट सांगायचं काही जमलं नाही.

निबंध मी मागे घेतला. पत्रात लिहिलं, चूक माझी, माझ्या हातून झाली. नोकरी कायम व्हायला आणखी सहा वर्षं लागली. त्या विद्यार्थिनीचं नुकसान मात्र मला भरून देता आलं नाही, तिनं विषय सोडला. आज ती मुलांना गणित शिकवते आणि दिवाळीला फोन करते.

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. मी पोचले तेव्हा त्यांना ओसरीवर ठेवलं होतं. मी कपाळाला हाताची पाठ लावली. हाताची पाठ फट मारत नाही.

आज सकाळी आईनं तांदळाचा रोट थापला. मी डिचोलीहून येताना विकतची फेणी आणली होती, लेबल लावलेली, आणि विडीचं एक बंडल. काठी टेकत टेकत आई वेशीपर्यंत आली. काजऱ्याचं झाड आहे, दगड आहे. ओढ्याकाठची भट्टीची जागा झुडपांनी भरली आहे. पान मांडून झालं आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो.

"बायलांनी गाराणें घालपाचें न्हय अशें खंयच्या पोथयेंत बरयलां?" आई म्हणाली. "घाल."

सुरुवातीला मी पुस्तकी मराठीत बोलू लागले, सभेत बोलल्यासारखी. मग ते आपोआप सुटलं. "बा राखणदारा, राज्य जालें त्या दिसा हांवें पाणी थांबयलें. मडकें तापलें. बाबान विचारलें, वास बरो आसा मगो. हांवें बरो आसा म्हळें." मी पानावरच्या फेणीकडे पाहिलं. "बरो नासलो."

आईचं "व्हय म्हाराजा" आलं नाही. झाडावर एक सुतार पक्षी टकटक करत होता. मी मान वळवली तेव्हा ती दगडाकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर नवल असं काही नव्हतं.

"तुज्या बाबाक ठावक आसलें," ती म्हणाली. "बाटली उगडली त्याच दिसा. तुजो हात पोळिल्लो, मुठींत पेडो आसलो, सगळें ताका याद जालें. सांगतलें, सांगतलें म्हणून वाट बघतालो गो तो."

माझे हात जोडलेले होते ते तसेच राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते पुसलं नाही. किती वर्षं, किती भट्ट्या, किती वेळा आम्ही दोघं त्या मडक्याच्या दोन बाजूंना बसलो होतो.

"पुराय कर," आई म्हणाली. "अर्दें सोडचें न्हय."

"चूक म्हजी," मी म्हटलं. "म्हज्या हातांतल्यान जाली. पोटांत घाल रे म्हाराजा."

आईनं काठी दुसऱ्या हातात घेतली, सरळ उभी राहिली आणि बाबांच्या आणि आपल्या, दोघांच्या वतीनं मोठ्यानं म्हणाली, "व्हय म्हाराजा."